सहा जणांची पाटवडी पंचेचाळीस जणांना: साडेसातपटीचा हिशेब

नागपुरात घरगुती जेवण म्हटलं की पाटवडी रस्सा आणि गोळाभात (डाळीच्या भरड्याचे गोळे घातलेला भात) हे ठरलेलंच. घरच्या वहीत पाटवडी रस्सा सहा जणांचा लिहिलेला आणि गोळाभात चार जणांचा. जेवायला येणारी माणसं ५१. गुणाकार करायचा आणि इतवारीच्या बाजारात जायचं, एवढं सोपं ते वाटतं. गुणाकार कुणाचा चुकत नाही. चूक होते ती कशाला गुणायचं, हे ठरवताना. हा सगळा हिशेब आम्ही कागदावर कसा मांडला आणि गंजात (म्हणजे पातेल्यात) तो कसा उतरला, ते पुढे क्रमाने आहे.

सुरुवात माणसांपासून. ५१ पानांपैकी ३९ मोठी, १२ लहान मुलांची. मुलांचं पान अर्धं धरलं की १२ ची ६ होतात, म्हणजे हिशेबाला पूर्ण पानं ४५. रश्श्याची पट ४५ भागिले ६, म्हणजे साडेसात. भाताची पट ४५ भागिले ४, म्हणजे सव्वाअकरा. दोन कृतींना एकच पट लावायची नाही. प्रत्येक कृती आपल्या माणसांची संख्या घेऊनच वहीत बसलेली असते, आणि ती नीट पाहिली नाही तर सगळी आकडेमोड पहिल्या ओळीतच वाया जाते.

साडेसातने गुणायला कॅल्क्युलेटर लागत नाही. दहापट करा आणि त्याची पाऊण घ्या. पाऊणकी पाठ असलेल्यांना "दहा पाऊण साडेसात" आपोआप आठवतं. ६० ग्रॅम खोबऱ्याचे दहापट ६००, त्याची पाऊण ४५०. सव्वाअकराला अकरापट अधिक पाव: ३०० ग्रॅम तांदळाचे ३३०० आणि वर ७५, म्हणजे ३ किलो ३७५ ग्रॅम. दुकानात हेच "तीन किलो दीड पाव" असं सांगितलं की झालं. कांदा २५० ग्रॅमचा १८७५ होतो, तोंडी सांगायचं तर दोन किलोला आतपाव (१२५ ग्रॅम) कमी. पाव आणि आतपावात बोलायची सवय असेल तर हे अपूर्णांक फार सुखाचे आहेत.

पण गुणायच्या आधी वहीतले चमचे आणि वाट्या ग्रॅममध्ये आणायला हव्यात. "दोन चमचे तिखट" लिहिणाऱ्याने सपाट चमचा धरला की शिगोशीग, हे वहीत नसतं. सहा जणांच्या भाजीत तो फरक खपून जातो, साडेसातपटीत जात नाही. म्हणून मूळ कृती एकदा नेहमीच्याच हाताने करायची, फक्त प्रत्येक जिन्नस घालण्याआधी काट्यावर ठेवायचा. आमच्या दोन मोठ्या चमच्यांचं तिखट १५ ग्रॅम भरलं. बेसनाचं तर आणखी अवघड. चाळून हलकं भरलेली वाटी आणि डब्यात खुपसून दाबून भरलेली वाटी यांच्या वजनात सहज पाचवा भाग फरक पडतो. दीड किलो बेसनात पाचवा भाग म्हणजे ३०० ग्रॅम, आणि तेवढ्याने वडी एकतर थापताच येत नाही किंवा पडतच नाही.

चिमूटभर हिंगाचं काय? घरातला काटा एक ग्रॅमच्या खाली काही सांगत नाही. दहा चिमटी एका वाटीत टाकायच्या, त्यांचं वजन करायचं आणि दहाने भागायचं. किंवा त्या दहा चिमटी चहाच्या मापी चमच्याने मोजायच्या. दोन बोटांची चिमूट साधारण आठवा चमचा येते, मग साडेसात चिमटी म्हणजे एक चमचा, जरा कमी. मापी चमच्यांचं कोष्टकही कागदाच्या कोपऱ्यात लिहून ठेवावं: चहाचा चमचा ५ मिली, तीन चहाचे चमचे म्हणजे एक मोठा, आणि सोळा मोठे म्हणजे २४० मिलीचा एक कप. दोन मोठे चमचे धणे साडेसातपट केले की पंधरा मोठे चमचे होतात. ते मोजत बसण्यापेक्षा एक कप भरून त्यातला एक चमचा काढून घेणं सोपं, आणि मोजण्यात चुकायची शक्यताही एकदाच.

खरेदीची यादी ही वेगळी यादी. वहीतलं वजन सोललेल्या, निवडलेल्या मालाचं असतं आणि कॉटन मार्केटमध्ये माल सालासकट तोलतात. कांद्याचा साधारण दहावा भाग साल-बुडखा म्हणून जातो, म्हणून १८७५ भागिले ०.९, म्हणजे २ किलो १०० ग्रॅम घ्यायचे. १८७५ चे दहा टक्के त्यातच मिळवले तर थोडे कमी पडतात. उरलेला भाग नऊ दशांश आहे, तेव्हा भागाकारच करावा लागतो. सांबार, म्हणजे कोथिंबीर, जुडीवर घेऊ नये, कारण जुडी हे माप नाही. निवडलेला ३०० ग्रॅम हवा असेल तर मुळं-दांड्यांसकट ६०० ग्रॅम लागतो.

आता खरी मेख. रश्श्यात मूळ कृतीत दीड लिटर पाणी जातं आणि २० मिनिटं उकळल्यावर १ लिटर २०० मिली रस्सा उरतो, माणशी २०० मिली. त्रैराशिकाने पाणी ११ लिटर २५० मिली आणि रस्सा ९ लिटर. रश्श्याचा आकडा बरोबर आहे, पाण्याचा नाही. मूळ रस्सा २२ सेंटीमीटर तोंडाच्या गंजात होतो, मोठा ४५ सेंटीमीटरच्या. तोंडाचं क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाप्रमाणे वाढतं: ४५ चा वर्ग २०२५, २२ चा ४८४, म्हणजे तोंड वाढलं ४.२ पट. माल साडेसातपट, तोंड सव्वाचार पटही नाही. लहान गंजातून ३०० मिली पाणी वाफ होऊन गेलं तर मोठ्यातून त्याच जोमाने उकळल्यावर सव्वा लिटरच्या आसपास जाईल, सव्वादोन लिटर नव्हे. म्हणून पाणी ९ अधिक १.२५, सव्वादहा लिटर. तेही केटरिंगच्या भट्टीवर. घरच्या शेगडीची आच तेवढीच राहते, दहा लिटर रटरटवायची ताकद तिच्यात नसते, तिथे साडेनऊ ते पावणेदहा लिटरच घालावं आणि लिटरभर उकळतं पाणी बाजूला तयार ठेवावं. घातलेलं पाणी काढता येत नाही. आटवत बसलं तर खोबऱ्याचं वाटण तळाला धरतं.

मिक्सरचं भांडं विसळलेलं पाणीही याच हिशेबातलं आहे. ४५० ग्रॅम खोबरं, सगळा भाजलेला कांदा आणि खसखस वाटायला भांडं बऱ्याचदा भरावं लागतं, आणि दर वेळी थोडं थोडं पाणी जातं. ते सहज लिटरभर होतं. वाटणात किती पाणी गेलं ते मोजून गंजात तेवढं कमी घालायचं.

कांदा परतताना पुन्हा तेच क्षेत्रफळ. २५० ग्रॅम कांदा २२ सेंटीमीटरच्या कढईत छान तांबूस होतो. पावणेदोन किलोच्या वरचा कांदा एकाच कढईत ओतला की तो आपल्याच पाण्यात शिजतो. कांद्यात जवळजवळ नव्वद टक्के पाणी असतं, थर जाड झाला की ते वर निघून जायला वाट मिळत नाही आणि कांदा उकडून गोडसर होतो. सावजी वळणाच्या रश्श्याला तो गोडवा अजिबात चालत नाही. आम्ही ३६ सेंटीमीटरची कढई घेतली. तिचं क्षेत्रफळ लहान कढईच्या २.७ पट, म्हणून एका घाण्याला मूळ कृतीच्या अडीचपट कांदा, ६२५ ग्रॅम. साडेसात भागिले अडीच, तीन घाणे बरोबर. थराची जाडी मूळ कृतीएवढीच राहिली, त्यामुळे वेळही जवळपास तेवढाच लागला.

हीच युक्ती सगळीकडे लागू पडते: भांडं असं निवडा की मालाची उंची मूळ कृतीइतकीच राहील. मग पाणी, वाफ, वेळ सगळं त्रैराशिकाने चालतं. उंची वाढली की प्रत्येक आकड्याला वेगळी दुरुस्ती.

पाटवडीत हे डोळ्यांनी दिसतं. मूळ कृती: २०० ग्रॅम बेसन, अर्धा लिटर पाणी, २८ सेंटीमीटरचं एक ताट, वडी सेंटीमीटरभर जाड. साडेसातपट म्हणजे दीड किलो बेसन आणि पावणेचार लिटर पाणी. जाडी सेंटीमीटरभरच हवी, तेव्हा ताटं साडेसात. ताटांऐवजी कोपर (मोठी परात) घेतला तर ५६ सेंटीमीटरचा कोपर "दुप्पट मोठा" म्हणून दोन ताटांचा माल त्यात घालणारे भेटतात, आणि वडी पापडासारखी पातळ येते. व्यास दुप्पट झाला की जागा चौपट होते. दोन कोपर म्हणजे आठ ताटं, आपली साडेसात त्यात बसतात. मात्र व्यास काठाचा नव्हे, तळाचा मोजावा. कोपराच्या कडा उतरत्या असतात आणि चार-पाच सेंटीमीटरचा फरक सहज पडतो.

दीड किलो बेसन एकदम घाटायचं नाही. फोडणीत पाणी उकळून त्यात पीठ सोडताना गुठळ्या मोडायला सराटा (उलथणं) तळापर्यंत फिरला पाहिजे, आणि चार-पाच किलोचा गोळा घरच्या माणसाच्या मनगटाला ऐकत नाही. त्यातून थापताना वेळ जातो. पहिला कोपर थापेपर्यंत गंजातलं उरलेलं पीठ आळतं, मग ते थापलं तरी भेगा पडतात. म्हणून चार घाणे: तीन घाणे दुप्पट मापाचे, म्हणजे ४०० ग्रॅम बेसनाला एक लिटर पाणी, आणि शेवटचा दीडपट, ३०० ग्रॅमला पाऊण लिटर. बेरीज करून पाहा, दीड किलो आणि पावणेचार लिटर जुळतात. एका कोपरात दोन दुप्पट घाणे. दुसऱ्यात एक दुप्पट आणि दीडपट, थोडी जागा रिकामी राहते. ती भरायला पीठ पसरू नये, कडेला सरळ भिंत करून थांबावं. चार सेंटीमीटरच्या वड्या पाडल्या, गोल कडेचे तुकडे सोडले तरी माणशी पाच निघतात.

मीठ हा सगळ्यात प्रामाणिक जिन्नस. ते उडत नाही, आटत नाही, शेवटच्या मापाच्या पटीतच लागतं. १ लिटर २०० मिली रश्श्याला १२ ग्रॅम, म्हणजे शंभराला एक. ९ लिटरला ९० ग्रॅम. पण हे मीठ तयार रश्श्याच्या मापावर काढायचं, घातलेल्या पाण्याच्या नाही. वडीतही मीठ आहे आणि ते रश्श्यात उतरतं, म्हणून आधी ७५ ग्रॅम घालून बाकीचं शेवटी चव बघून.

तिखट आणि खडा मसाला मात्र पूर्ण पटीत घालू नये. १५ ग्रॅमचे साडेसातपटीने ११२ ग्रॅम होतात. सुरुवातीला त्याची पाऊण, ८४ ग्रॅम. चार लवंगांच्या तीस न घेता बावीस-तेवीस. कारण साधं आहे. मोठ्या गंजाला उकळी यायलाच वेळ लागतो (घरच्या शेगडीवर दहा लिटरला चाळीसेक मिनिटं), गार व्हायलाही लागतो, आणि तेवढा सगळा वेळ मसाला रश्श्यात आपला अर्क सोडत असतो. भिवापुरी मिरचीचं तिखट असेल तर पाऊणसुद्धा जास्त होऊ शकतं. उरलेली पाव वाटीत काढून ठेवावी, उकळी आल्यावर दहा मिनिटांनी चाखून ठरवावं. वेळेचं उलट. उकळी आल्यानंतरची २० मिनिटं तीच २० मिनिटं राहतात. त्यांना साडेसातने गुणणारे नाहीत, पण भीतीपोटी दुप्पट करणारे पुष्कळ.

तर्रीचा हिशेब आम्हाला सगळ्यात गमतीचा वाटतो. तेल १०० मिलीचं ७५० मिली. लहान गंजात तवंग जेवढा जाड दिसतो, त्यापेक्षा मोठ्या गंजात पावणेदोन पट जाड दिसेल, कारण तेल साडेसातपट आणि तोंड ४.२ पट. ते बघून "तेल फार झालं" म्हणत कुणीतरी पळीने काढायला येतं. काढू नये, माणशी वाटा तेवढाच आहे. खरा घोळ वाढताना होतो. डाव वरवर बुडवला की पहिल्या पंगतीला नुसती तर्री आणि शेवटच्या पंगतीला फिकं पाणी. म्हणून तर्री वरून काढून वेगळ्या पातेलीत ठेवायची, रस्सा ढवळून वाढायचा आणि वर मापाने तर्री: दर पानाला चहाचे दोन चमचे, ४५ पानांना ४५० मिली. बाकीचं तेल मसाल्यात आणि रश्श्यातच अडकलेलं असतं. मुलांच्या पानावर एकच चमचा, किंवा नाहीच.

वड्याही सगळ्या एकदम रश्श्यात सोडायच्या नाहीत. सहा जणांच्या घरात वडी पडली की दहा मिनिटांत ताटात जाते. इथे तीन पंगती, दीड तास. तेवढ्यात बेसन रस्सा पिऊन फुगतं, कडा झडतात आणि रश्श्याचं पिठलं होतं. तीन लिटर रस्सा आणि पंच्याहत्तर वड्या असे तीन भाग, प्रत्येक भाग त्या पंगतीच्या वेळी.

गोळाभात हा क्षेत्रफळाचा खरा पेपर. अर्धवट शिजलेल्या भातावर भरड्याचे गोळे ठेवायचे आणि झाकून वाफेवर शिजवायचे. चार जणांना ३०० ग्रॅम तांदूळ, आठ गोळे, १८ सेंटीमीटरचा गंज. ४५ जणांना तांदूळ तीन किलो दीड पाव आणि गोळे ९०. गोळ्याचा आकार वाढवायचा नाही. मोठा केला तर आतून कच्चा राहतो, कारण वाफ मध्यापर्यंत पोहोचायला लागणारा वेळ आकाराबरोबर झपाट्याने वाढतो आणि तोवर खालचा भात लगदा होतो. मग ९० गोळे ठेवायचे कुठे? १८ सेंटीमीटरच्या गंजात २५४ चौरस सेंटीमीटर जागा, आठ गोळ्यांना वाटून एकेकाला ३२, त्यात फुगायची जागा आली. ४५ च्या गंजात १५९० चौरस सेंटीमीटर, म्हणजे गोळे ५०. उरलेले चाळीस दुसऱ्या थरात ठेवले तर चिकटतात आणि खालचे दबतात. तांदूळ त्या गंजात बसतो, गोळे बसत नाहीत.

उपाय दोन गंजांचा. ४३ सेंटीमीटरचे दोन गंज, प्रत्येकी १४५० चौरस सेंटीमीटर, प्रत्येकात ४५ गोळे आणि १ किलो ६८७ ग्रॅम तांदूळ. गंमत पाहा: एका गंजाची पट आता साडेपाचच्या जरा वर आणि त्याचं तोंड लहान गंजाच्या ५.७ पट. उंची जुळली, त्यामुळे पाण्याला दुरुस्ती लागली नाही, त्रैराशिकाचंच पाणी चाललं. एकच खोल गंज घेऊन साधा भात केला असता तर पाणी कमी करावं लागलं असतं, कारण तांदूळ जेवढं पितो ते पटीत वाढतं, वाफेवर जाणारं नाही. उथळ पसरट गंजाची अडचण वेगळी: घरच्या बर्नरची ज्योत मध्यभागीच लागते आणि काठाचा भात कच्चा राहतो. खाली जाड लोखंडी तवा ठेवला की आच पसरते.

गोळ्यांचा भरडा १३० ग्रॅमचा १४६२ होतो, तो सरळ दीड किलो घ्यावा. मोहनाचं तेल दोन मोठ्या चमच्यांचं साडेबावीस, ३३७ मिली. भिजवायचं पाणी मात्र गुणू नये, हातानेच ठरवावं, कारण भरडा किती जाड दळला त्यावर ते अवलंबून आहे. सोडा घालत असाल तर सगळं पीठ एकदम भिजवू नका. ९० गोळे वळायला वेळ लागतो, तोवर पहिल्या पिठातला वायू निघून जातो. एका गंजाचे ४५ वळून झाले की दुसरं पीठ.

वरून घ्यायच्या फोडणीच्या तेलातही पट फसवते. चार जणांची ४० मिलीची फोडणी गॅस बंद केला की लगेच निवते. ४५ जणांची ४५० मिलीची तशी निवत नाही, गॅस बंद केल्यावरही तेल कितीतरी वेळ तापलेलं राहतं आणि लाल मिरच्या काळ्या पडतात, हिंग जळतो. मोहरी तडतडली की गॅस बंद करून मिनिटभर थांबावं, मग हिंग आणि मिरच्या, आणि फोडणी लगेच दुसऱ्या थंड पातेलीत ओतावी.

जेवणं झाल्यावर उरलेलं मोजायचं, हा टप्पा बहुतेक जण गाळतात. ९ लिटरपैकी रस्सा १ लिटर ८०० मिली उरला. म्हणजे खपला ७ लिटर २००, भागिले ४५, माणशी १६० मिली. सहा जणांच्या घरात २०० मिली लागतो कारण तिथे रस्सा हेच जेवण असतं. इथे भात, फोडणीचं तेल, कोशिंबीर, पोळ्या सगळंच होतं. गोळे मात्र एकही राहिला नाही, ते माणशी दोनच्या ऐवजी अडीच धरायला हवेत, म्हणजे ११३, आणि मग गंज तीन. खोबऱ्याचा रस्सा नागपूरच्या मे महिन्यात रात्रीपर्यंत टिकायचा नाही, म्हणून वहीत रश्श्याच्या ओळीपुढे आता दोन आकडे आहेत: घरी २००, पंगतीला १६०.